रात्रीचं जेवण आणि अंगावरची चरबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत गेली चौदा वर्षं मी आहारसल्ल्याचं काम करते. वजन कमी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न "किती खाऊ?" हा क्वचितच असतो. बहुतेक जण विचारतात, "किती वाजता खाऊ?" घड्याळाला एवढं महत्त्व मिळालंय त्यामागे काही खरी कारणं आहेत, काही नुसती ऐकीव. ती वेगवेगळी करता यावीत म्हणून हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कॅलरी हा शब्द आपण बोलताना वापरतो त्याच अर्थाने घेतला आहे, म्हणजे पाकिटावर छापलेली किलोकॅलरी.

संध्याकाळी सातनंतर खाल्लेल्या सगळ्याची चरबी होते, हे खरं का?

नाही. सात वाजले म्हणून शरीराचे नियम बदलत नाहीत. खाल्लेल्यातलं काही लगेच वापरलं जातं, काही यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) म्हणून साठतं, काही चरबीत जमा होतं. जेवून काही तास झाले की हीच चरबी परत काढून वापरली जाते. ही देवघेव दिवसरात्र चालते. झोपेत तर आपण सात-आठ तास उपाशीच असतो, त्यामुळे पहाटेच्या सुमाराला शरीराचा बराच भार चरबीवरच असतो. महिनाअखेर चरबी घटली की वाढली, हे ठरतं एकूण आवक आणि एकूण खर्च यांच्या फरकावरून.

२०११ साली इस्रायलमध्ये ७८ स्थूल पोलिसांवर केलेला एक प्रयोग मी या प्रश्नावर आवर्जून सांगते. सहा महिने सगळ्यांना सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला होता. एका गटाने पोळी-भातासारखे पिष्टमय पदार्थ दिवसभरात विभागून खाल्ले, दुसऱ्याने त्यातले बहुतेक रात्रीच्या जेवणात. रात्री खाणाऱ्यांचं वजन घटलंच, आणि पहिल्या गटापेक्षा थोडं जास्त घटलं.

मग "रात्री उशिरा जेवू नका" असं सगळे का सांगतात? उगाच?

उगाच नाही. उशिरा खाण्याचा परिणाम भुकेवर होतो.

बॉस्टनमध्ये २०२२ साली जास्त वजनाच्या १६ जणांना प्रयोगशाळेत ठेवून हे तपासलं गेलं. तेच अन्न, तेवढंच अन्न, फक्त एका फेरीत सगळी जेवणं चार तास उशिरा. उशिराच्या फेरीत त्यांना जास्त भूक लागली, पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन कमी झालं आणि दिवसाचा ऊर्जाखर्चही थोडा, साधारण ६० कॅलरींनी, घटला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ३० जणांनी चार आठवडे सकाळी भरपूर आणि रात्री थोडं खाल्लं, पुढे चार आठवडे याच्या उलट केलं. दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखंच घटलं. सकाळी भरपूर खाल्लं तेव्हा मात्र दिवसभर भूक कमी लागली.

मला यातून कळतं ते असं. कॅलरी मोजून हातात दिल्या तर वेळेने फारसा फरक पडत नाही. पण घरात आपल्याला कोणी मोजून देत नाही. तिथे भूकच वाढून घेते, आणि उशिराची भूक जास्त वाढून घेते.

झोपण्याआधीचं नक्की काय नडतं?

जेवण सहसा नडत नाही. जेवणानंतरचं नडतं.

एक साधी रात्र बघा. साडेनऊला दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. जेवण बेताचंच. मग मालिका बघता बघता मूठभर चिवडा, साधारण १५० कॅलरी. त्यावर दोन मारी बिस्किटं, ५०. झोपताना म्हशीचं दूध एक पेला, २२० च्या आसपास, आणि त्यात दोन चमचे साखर म्हणजे आणखी ४०. बेरीज ४६०. पुढे किती कॅलरी कमी करायच्या त्याचा हिशोब दिला आहे, त्यात दिवसाची तूट साधारण ४०० ची येते. दिवसभर मन मारून केलेली बचत टीव्हीसमोर दीड तासात संपते, आणि संपली हे कळतही नाही, कारण हे खाणं कोणी "जेवलो" म्हणून मोजत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती मला मनापासून खुपते. पातेल्यात उरलेला घासभर भात, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, "टाकायचं कशाला" म्हणून संपवलेली आमटी. अन्न वाया जाऊ नये हा संस्कार चांगलाच आहे. पण घरातलं उरलेलं संपवायची जबाबदारी एकट्या बाईच्या पोटावर का? उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात आपल्याकडे त्यासाठीच आहेत.

ऑफिसहून घरी पोचायलाच नऊ वाजतात. सूर्यास्तापूर्वी जेवायचं कसं?

नका जेवू. सीएसएमटीहून कल्याण-डोंबिवलीला किंवा चर्चगेटहून विरारला लोंबकळत येणाऱ्या माणसाला "सातच्या आत जेवा" सांगणं हा सल्ला नाही, त्याला अपराधी वाटायला लावणं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत हेच लोक सर्वांत जास्त आहेत आणि त्यांचं वजन उतरतं.

त्यांचा खरा घोटाळा संध्याकाळी पाच ते नऊच्या मधे असतो. दुपारचा डबा साडेबाराला संपलेला. मग पाचला चहा, सहाला स्टेशनवर वडापाव, किंवा काहीच नाही. काहीच न खाल्लेला माणूस नऊला घरात शिरतो तो भुकेने कासावीस होऊन. हातपाय धुण्याआधीच फरसाणाचा डबा उघडतो. त्यावर दोन उपाय कामाला येतात.

पहिला म्हणजे पाच-साडेपाचला ठरवून खाणं: मूठभर भाजलेले चणे, एखादं उकडलेलं अंडं, पेरू, डब्यातलं ताक. तीस ग्रॅम चण्यांत ११० च्या आसपास कॅलरी असतात आणि ते भूक चांगली धरून ठेवतात.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, पण त्याला घरच्यांची साथ लागते. रात्रीचं जेवण दोन ठिकाणी वाटायचं. सकाळी डबा भरतानाच आणखी एक लहान डबा भरायचा, पोळी-भाजीचा, आणि ऑफिस सुटण्याआधी साडेसहाला तो खायचा. रात्री घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं, पण वाटीभर वरण किंवा उसळ आणि कोशिंबीर एवढंच घ्यायचं. पानावर बसणं सुटत नाही, मुलांशी बोलणं सुटत नाही, आणि झोपताना पोटही जड राहत नाही.

जेवण आणि झोप यांत किती अंतर असावं?

दोन ते तीन तास. हे चरबीपेक्षा आम्लपित्तासाठी आणि झोपेसाठी सांगते आहे. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी तीन तास पाळाच आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या बाजूला आम्ल वर यायला अडचण होते. आपल्या वामकुक्षी या शब्दाचा अर्थ डावी कूस, हे यानिमित्ताने आठवतं.

उशिरा जेवलो की सकाळी काट्यावर अर्धा-एक किलो जास्त दिसतं. ही चरबी नाही तर काय?

आतड्यातलं अन्न आणि पाणी. रात्री दहाला जेवून सकाळी सहाला वजन केलं तर आदल्या दिवशीपेक्षा जास्त अन्न अजून आतच असतं. पापड, लोणचं, बाहेरचं चमचमीत खाल्लं असेल तर मीठ पाणी धरून ठेवतं. शिवाय एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी बाळगतं.

हिशोब करून बघा. एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. एका जेवणात ते होत नाही, लग्नाच्या पंगतीतही नाही. "उशिरा जेवण म्हणजे चरबी" हा समज पक्का होण्यामागे सकाळचा हा काटाच आहे असं मला वाटतं. म्हणून वजन रोज केलंत तरी आठवड्याची सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांचीच तुलना करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाण्याने वजन वाढतं. तेव्हाच्या आकड्यावरून कसलाही निर्णय घेऊ नका.

नक्की किती कॅलरी कमी करायच्या?

आधी आपला खर्च काढू. वजन किलोत घेऊन त्याला १० ने गुणा, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा. त्यातून वय गुणिले ५ वजा करा. बाई असेल तर आणखी १६१ वजा करा, पुरुष असेल तर ५ मिळवा. नुसतं पडून राहायला लागणारा खर्च असा अंदाजे निघतो. बैठं काम आणि घरातली थोडी ये-जा असेल तर त्याला १.४ ने गुणा.

उदाहरणार्थ बेचाळीस वर्षांची बाई, वजन ६८ किलो, उंची १५७ सेंटीमीटर. ६८० अधिक ९८१, वजा २१०, वजा १६१: म्हणजे १२९०. गुणिले १.४, म्हणजे दिवसाला साधारण १८००. यातून ४०० वजा करून १४०० वर राहायचं. आठवड्याची तूट २८०० झाली. या गतीने एक किलो चरबी उतरायला पावणेतीन आठवडे लागतात.

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. "महिन्याला दीड किलो फक्त?" हो. पण सहा महिन्यांत हीच बाई सात-आठ किलोंनी हलकी होऊ शकते आणि या काळात तिला कुटुंबाच्या ताटापासून वेगळं बसावं लागत नाही. खर्चाच्या १५ ते २५ टक्के तूट बहुतेकांना झेपते. त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

लवकर व्हायला हवंय. ८०० कॅलरींवर राहिलं तर?

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरतील आणि त्यातलं बरंचसं पाणी असेल. नंतर चरबीबरोबर स्नायूही जायला लागतात. वजन फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. हे मी माझ्या ओळखीत दोनदा पाहिलंय. केस गळतात, पाळी चुकते, चिडचिड होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसाला दीड हजारांच्या आसपास कॅलरी मिळत होत्या आणि भरपूर चालवलंही जात होतं. त्यांचं वजन सुमारे पावपटीने घटलं. पण ती माणसं दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, उदास झाली. पुन्हा पुरेसं अन्न मिळाल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमत नव्हती. कडक डाएट करणारी माणसं अकराव्या दिवशी अख्खा फ्रिज रिकामा करतात आणि स्वतःला दुबळ्या मनाची म्हणवून घेतात. त्यांच्या मनाचा काही दोष नाही. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

मी अगदी कमी खाते, तरी वजन हलत नाही. थायरॉइड असेल का?

तपासणी करून घ्या, त्यात गैर काही नाही. थायरॉइड कमी असेल तर औषध हवंच. पण थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा थोड्या किलोंचं असतं, पंधरा-वीसचं क्वचित.

दुसरी शक्यता ऐकायला कडू आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच लोकांचा अभ्यास झाला, "१२०० च्या आत खातो तरी उतरत नाही" म्हणणाऱ्यांचा. त्यांचा ऊर्जाखर्च अगदी ठीक निघाला. ते स्वतःच्या खाण्याचा अंदाज जवळजवळ निम्मा सांगत होते. ते खोटारडे नव्हते. अंदाज चुकतो, माझाही चुकतो, आणि सर्वांत जास्त चुकतो तेलाचा.

तेलाचा पत्ता लावायची घरगुती रीत सांगते. महिन्याला घरात किती तेल येतं ते आठवा. चार माणसांत पाच लिटर येत असेल तर दरडोई दिवसाला ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणलं तर कोणाच्याही ताटातली एक पोळी न काढता प्रत्येकाच्या साधारण १३५ कॅलरी कमी होतात. फोडणी पळीने नको, चमच्याने मोजून करा. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितकी वजनं हलली, तितकी दुसऱ्या कशाने नाहीत.

रात्री भात सोडू का? भाकरी चालेल?

एक मध्यम ज्वारीची भाकरी, दोन लहान फुलके, एक मोठी वाटी शिजलेला भात: तिन्ही २०० कॅलरींच्या आसपास. भाकरीत तंतू जास्त असतात आणि ती चावावी लागते, त्यामुळे माणूस एकीवर थांबतो. भात मऊ, आमटीबरोबर सहज उतरतो, म्हणून जास्त जातो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. त्याने भात सोडू नये, वाटीने मोजून घ्यावा आणि आधी मासा, उसळ, भाजी खावी. मधुमेह असेल तर रात्रीचं पिष्ट कमीच बरं, कारण संध्याकाळनंतर इन्सुलिनचं काम मंदावतं आणि तोच भात रात्री साखर जास्त चढवतो.

मग रात्रीच्या ताटात असावं तरी काय?

प्रथिनं, आणि नेहमीपेक्षा जास्त. कॅलरी कमी करताना स्नायू टिकवायचे असतील तर दिवसाला किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बाईला ८० ग्रॅम. शाकाहारी मराठी जेवणात एवढी गाठताना दमछाक होते. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीत सातच्या आसपास, वाटीभर दह्यात पाच, दोन पोळ्यांत सहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा. ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत मात्र १५. अंड्यात सहा. १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २७ ते ३०.

पातळ वरण हे प्रथिनांचं जेवण आहे ही आपली गैरसमजूत आहे. डाळ घट्ट शिजवा, भाताच्या दुप्पट घ्या. बेसनाचं पिठलंही चांगलं, तेल आवरलं तर. प्रथिनं पचवतानाच त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते आणि पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

भुकेने झोपच येत नाही. झोपताना थोडं खाल्लं तर चालेल?

चालेल, बेशक. १००-१५० कॅलरींचं, प्रथिनांचं, आणि दिवसाच्या हिशोबात धरलेलं: वाटीभर दही, गाईचं बिनसाखरेचं दूध, एक अंडं. उपाशी तळमळत पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. रोजच रात्री अशी भूक लागत असेल तर दिवसा कमी पडतंय. रात्रीचं कापायच्या आधी सकाळचा नाश्ता वाढवून बघा.

हळदीचं दूध, जिऱ्याचं पाणी, लिंबू-मध यांनी चरबी वितळते का?

नाही. आवडत असेल तर घ्या, मधाच्या कॅलरी मोजा.

दिवसातून दोनदाच जेवायचं की सोळा तास उपाशी राहायचं?

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदा जेवायची पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोचली आहे आणि तिचा एक फायदा मी मान्य करते: मधल्या चहा-बिस्किटांना, चिवड्याला, "जरा तोंडात टाकायला" कशालाच जागा उरत नाही. अनेकांना नियम सोपा असला की निभावतो. मात्र उपाशी तासांत काही जादू आहे असं दिसत नाही. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात एका गटाला कमी कॅलरी दिल्या, दुसऱ्याला तेवढ्याच कमी कॅलरी सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत खायला सांगितलं. वर्षअखेर दोन्ही गटांच्या घटीत लक्षणीय फरक नव्हता. तो अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोनदा जेवून त्या जेवणात कितीही खाल्लं तर मात्र एकादशी आणि दुप्पट खाशी. उपवासाचंच उदाहरण घ्या. ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, तूप आणि शेंगदाण्याच्या कुटासकट, सहज ५०० कॅलरींची होते आणि त्यात प्रथिनं जेमतेम. उपवासाला माझा विरोध नाही. श्रद्धेने करा. वजनासाठी म्हणून करत असाल तर वरई, दही, काकडी, राजगिरा बघा.

पहिल्या तीन महिन्यांत पाच किलो उतरले, मग थांबलं. शरीराला सवय झाली का?

काही अंशी हो. ६८ किलोंची बाई ६२ वर आली की त्याच सूत्राने तिचा खर्च १८०० वरून १७२० वर येतो. लहान शरीराला कमी लागतं. त्याखेरीज शरीर थोडी आणखी काटकसर करतं: नकळत आपण कमी हलतो, जिना टाळतो, उभ्याने करायचं काम बसून करतो. तूट ४०० ची होती ती अडीचशेवर आलेली असते. आणि खरं सांगायचं तर तीन महिन्यांनी मोजमापही सैल होतं. चमचा पुन्हा पळी होतो.

दोन आठवडे पुन्हा काटेकोर मोजा. चालणं अर्ध्या तासाने वाढवा. तरीही हलत नसेल आणि दमायला झालं असेल तर दोन-तीन आठवडे तूट न ठेवता, पण वाढूही न देता राहा. यात हार नाही. पाच किलो टिकवणं हे पाच किलो उतरवण्याइतकंच मोठं काम आहे.

माझं वजन अगदी योग्य आहे, फक्त पोट सुटलंय. मलाही कॅलरी कमी करायच्या का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हाडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी लपलेली असते, तीही बहुधा पोटात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची सीमा २५ नाही, २३ धरतात.

काट्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० च्या वर नको. तुमचा घेर जास्त असेल तर लहान तूट ठेवा, दोनशे-अडीचशेची, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा: उठाबशा, भिंतीवरचे जोर, वजन उचलणं. फक्त पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही.

जेवल्यावर शतपावली केली तर फरक पडतो?

कॅलरी थोड्याच खर्च होतात. पण जेवणानंतरची साखर कमी चढते, कारण चालणारे स्नायू ती उचलतात. शंभर पावलांनी भागणार नाही, पंधरा मिनिटं तरी चाला. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, कुठेही. आणि जेवण संपलं हे मनाला कळतं. चालून आल्यावर फरसाणाचा डबा सहसा उघडला जात नाही.

रात्री एकला झोपते, सहाला उठते. त्याचा संबंध आहे का?

फार मोठा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. शिकागोमध्ये २०२२ साली कमी झोपणाऱ्या ८० जास्त वजनाच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली, खाण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. दोन आठवड्यांत त्यांचं खाणं दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. आणखी एका छोट्या प्रयोगात आहार तोच ठेवून झोप साडेआठ तासांवरून साडेपाचवर आणली, तर वजन तेवढंच घटलं पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. बाकीची घट बहुतांशी स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाची होती.

पण एक तास जास्त झोपा हे सांगणं सोपं आहे. ज्या घरात रात्रीची भांडी आणि पहाटेचा डबा एकाच बाईकडे आहे, तिथे तिची झोप वाढायला इतर कोणीतरी उठावं लागतं. मी नवरे मंडळींना सोबत बोलावते ते यासाठी.

मला तिसरी पाळी असते. मी रात्री जेवू की नको?

पाळीला निघण्याआधी, आठ-नऊला, व्यवस्थित जेवून घ्या. रात्री दोन-तीनला कँटीनचं भरपेट जेवण टाळा. ताक, फळ, चणे, अंडं एवढ्यावर भागवा. बॉस्टनमध्येच २०२१ साली रात्रपाळीची नक्कल करून पाहिलं, तेव्हा रात्री जेवणाऱ्यांची साखर बिघडली आणि फक्त दिवसा जेवणाऱ्यांची नाही. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता करून झोपा. चाकणच्या कारखान्यातला माणूस असो की रुग्णालयातली परिचारिका, तुमच्या शरीराचं घड्याळ ओढाताणीत आहे, त्यामुळे उतरण्याचा वेग कमी राहिला तर स्वतःला दोष देऊ नका.

दारूत तर चरबी नसते ना?

मद्यार्काच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, साखरेच्या जवळजवळ दुप्पट. तीस मिलीलीटर व्हिस्कीत सत्तर, बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या वर. त्याशिवाय शरीर मद्यार्क आधी जाळतं आणि चरबी मागे ठेवतं. चकण्याचं वेगळं सांगायला नको.

मला मधुमेह आहे. रात्रीचं जेवण बंद केलं तर चालेल?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. माझ्या आईने हे केलं होतं. कोणाचं तरी ऐकून तिने रात्री फक्त सूप घ्यायला सुरुवात केली आणि गोळी मात्र चालू ठेवली. तिसऱ्या रात्री ती घामाने चिंब, असंबद्ध बोलत उठली. साखर ४८ होती. इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण कमी करण्याआधी औषधाचा डोस बदलावा लागतो. घाम, थरथर, धडधड, गोंधळ वाटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णालयात न्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, क्षयरोगावर उपचार घेणारे, आणि खाण्याच्या आजारातून गेलेले लोक यांनीही या पानावरचे आकडे स्वतःला लावू नयेत.

मी रात्री झोपेतून उठून खाते. लाज वाटते, कोणाला सांगितलेलं नाही.

सांगितलंत ते बरं केलंत. दिवसाच्या खाण्यातला पाव भाग किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर होत असेल, किंवा आठवड्यातून दोनदा तरी उठून खाल्लं जात असेल आणि खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागणार नाही असं वाटत असेल, तर त्याला रात्रभक्षणाचा आजार म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. त्याच्याबरोबर बऱ्याचदा उदासी असते, सकाळी भूक नसते. यावर कुलूप लावलेला फ्रिज हा उपाय नाही आणि कॅलरी कमी करणं तर मुळीच नाही; त्याने रात्रीचं खाणं वाढतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, यावर उपचार आहेत. झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण काही जणांना तिच्या अमलाखाली उठून खाल्लेलं सकाळी आठवत नाही. जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्या: किती वाजता जाग आली, काय खाल्लं, सकाळी ते आठवत होतं का.